कीबोर्डवरून चालणारी अर्डुइनो गाडी उशिरा ऐकते – लॅग नेमका कुठे आहे?

चारचाकी

मंडळी, मदत हवी आहे. जोडणी अशी: अर्डुइनो उनो आर३ बोर्डाचा क्लोन (यूएसबीसाठी सीएच३४० चिप), एल२९८एन मोटर ड्रायव्हर, चार पिवळ्या गिअर मोटर, एसजी९० सर्व्होवर बसवलेला अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर आणि आयटूसीवर (दोन तारांच्या बसवर) चालणारा १६×२ एलसीडी. लॅपटॉपवर विंडोज, पायथॉन, पायसीरियल (सीरियल पोर्टसाठी) आणि पायनपुट (कीबोर्ड ऐकण्यासाठी). बॉड रेट (सेकंदाला जाणारे बिट) ९६००, केबल ३ मीटर.

पायथॉनमध्ये बटण दाबल्याच्या कॉलबॅकमधून (बटण दाबताच आपोआप चालणाऱ्या फंक्शनमधून) एक अक्षर जातं (पुढे = एफ, मागे = बी, डावीकडे = एल, उजवीकडे = आर) आणि बटण सोडल्याच्या कॉलबॅकमधून एस, म्हणजे थांबा. स्केचमध्ये (उनोवरच्या कोडमध्ये) लूपच्या सुरुवातीला सीरियल.अव्हेलेबल() तपासतो, काही आलं असेल तर सीरियल.रीडस्ट्रिंग() करून पहिलं अक्षर बघतो आणि त्याप्रमाणे मोटरच्या पिना बदलतो. मग सर्व्हो एक पाऊल पुढे नेऊन डिले(१५), पल्सइनने अंतर मोजणं, एलसीडीच्या दोन्ही ओळी लिहिणं आणि शेवटी सीरियलवर साधारण ४८ अक्षरांची माहिती छापणं.

त्रास असा: बटण दाबल्यावर गाडी एक-सव्वा सेकंदाने निघते. बटण सोडलं तरी थांबत नाही, एस वेगळा पाठवावा लागतो. बटण दाबून धरलं तर सोडेपर्यंत हलतच नाही. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, स्केचमध्ये अर्थात नेहमीचीच आहेत.

पहिलापिन

बॉड रेट ११५२०० करून बघा. ९६०० फारच कमी आहे.

बाइट_मोजणारा

वाढवायला हरकत नाही, पण एक सेकंदाचं दुखणं त्याने जाणार नाही. हिशेब करून बघा. एका बाइटसाठी तारेवर १० बिट जातात: एक स्टार्ट, आठ डेटा, एक स्टॉप. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० बाइट, म्हणजे एका अक्षराला १.०४ मिलिसेकंद. ११५२०० ला तेच ०.०८७ मिलिसेकंद. एका अक्षराच्या आदेशामागे वाचला जेमतेम एक मिलिसेकंद, आणि चारचाकी यांची तक्रार हजाराहून जास्त मिलिसेकंदांची आहे. उशीर तारेवर होत नाहीये, तारेच्या अलीकडे किंवा पलीकडे कोणीतरी वाट बघत बसलंय.

लॅग बरोबर एक सेकंदाच्या आसपास असेल तर आधी टाइमआउट शोधायचा. अर्डुइनोच्या स्ट्रीम वर्गाचा ठरलेला टाइमआउट १००० मिलिसेकंदच आहे.

सोल्डरगंध

बरोबर, आणि गुन्हेगार रीडस्ट्रिंग() आहे. हे फंक्शन "आता आणखी काही येणार नाही" असं समजून परतायला पूर्ण एक सेकंद शांतता मागतं. ओळीचा शेवट कुठे हे त्याला सांगितलेलंच नसतं. शेवटच्या बाइटनंतर १००० मिलिसेकंद काहीच आलं नाही की मगच ते परत येतं.

तुमची तिन्ही लक्षणं यातून सुटतात. बटण टकटक दाबलं: एफ गेला, १०० मिलिसेकंदांत एस गेला, दोन्ही एकाच स्ट्रिंगमध्ये जमा झाले. एक सेकंद शांतता, मग हातात "एफएस" आलं. तुम्ही पहिलं अक्षर बघता, म्हणून गाडी निघाली. एस त्याच स्ट्रिंगच्या पोटात राहिला, त्याच्याकडे कोणी बघितलंच नाही, म्हणून थांबली नाही. दाबून धरलं: विंडोजच्या की-रिपीटमुळे अर्ध्या सेकंदाने एफ-एफ-एफ अशी सेकंदाला ३० पर्यंत अक्षरं सुरू होतात. एक सेकंदाची शांतता कधी मिळतच नाही, म्हणून बटण सोडेपर्यंत रीडस्ट्रिंग() परतत नाही आणि तोवर पुढचा सगळा लूप अडकलेला.

हाच टाइमआउट पार्सइंट(), रीडबाइट्स() आणि रीडस्ट्रिंगअनटिल() यांनाही लागू आहे. पार्सइंट() ला आकड्यानंतर स्वल्पविराम किंवा नवी ओळ असं आकडा नसलेलं काही दिसलं तर ते लगेच परततं, नाही तर तेही सेकंदभर थांबतं. सेटटाइमआउट(१०) करून बरेच जण वेळ मारून नेतात, पण मूळ पद्धत चुकीचीच राहते. एका अक्षराचा आदेश असेल तर सरळ सीरियल.रीड() वापरा. तो थांबत नाही. बाइट असेल तर देतो, नसेल तर उणे एक.

चारचाकी

रीडस्ट्रिंग() काढून लूपच्या प्रत्येक फेरीत एक रीड() केला. निघायचा उशीर गेला, दाबताक्षणी निघते! एस सुद्धा ओळखते.

पण आता वेगळंच. थोडा वेळ दाबलं तर ठीक. चार-पाच सेकंद दाबून धरून सोडलं तर गाडी पुढे सहा सेकंद चालतच राहते. कधी कधी तर सहा सेकंदांनंतरही थांबत नाही, परत बटण दाबून सोडावं लागतं. भिंतीवर दोनदा आपटली.

सोल्डरगंध

आधी लूपची एक फेरी किती वेळ घेते ते मोजा, अंदाजावर जाऊ नका. लूपच्या सुरुवातीला मायक्रोस() ची किंमत धरून ठेवा, त्यातून आधीच्या फेरीची किंमत वजा करा आणि दर ५० फेऱ्यांनी एकदाच छापा. प्रत्येक फेरीत छापलं तर मोजणाराच वेळ खाऊ लागेल. उनोवर मायक्रोस() ४ मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी चढतो, या कामाला तेवढं पुरे.

चारचाकी

समोर मोकळी जागा असताना ९६ मिलिसेकंद. समोर हात धरला की ५८ च्या आसपास.

बाइट_मोजणारा

म्हणजे सगळा हिशेब जुळतो. दर फेरीला एक बाइट वाचायचा आणि फेरी ९६ मिलिसेकंदांची, म्हणजे उनो सेकंदाला १०.४ आदेश संपवतो. की-रिपीटमधून सेकंदाला ३० येतात. दर सेकंदाला १९-२० अक्षरं शिल्लक पडत जातात. उनोचा रिसीव्ह बफर (आलेले बाइट वाचले जाईपर्यंत थांबतात ती जागा) ६४ बाइटांचा आहे, गोल बफर असल्यामुळे एक जागा रिकामी ठेवावी लागते, म्हणजे वापरायला ६३. सव्वातीन सेकंदांत तो भरतो. तुम्ही बटण सोडता तेव्हा एसच्या पुढे ६३ एफ रांगेत उभे असतात. ६३ गुणिले ९६ मिलिसेकंद, म्हणजे सहा सेकंद. हेच तुमचे सहा सेकंद.

कधी कधी मुळीच न थांबण्याचं कारण त्याहून वाईट आहे. बफर भरल्यावर अर्डुइनोचा कोड जुनं टाकत नाही, नव्याने आलेला बाइट टाकून देतो. बफर भरलेला असताना तीनपैकी एकाच बाइटला जागा मिळते. तुमचा एस हा सगळ्यात शेवटी येणारा, सगळ्यात महत्त्वाचा बाइट, आणि तीनपैकी दोनदा तोच बाहेर फेकला जातो. त्यानंतर तुम्ही काहीच पाठवत नाही, मग गाडी थांबणार कशी?

पहिलापिन

मग एस पाठवायच्या आधी सीरियल.फ्लश() करून बफर रिकामा केला तर?

सोल्डरगंध

नाही होणार. अर्डुइनो १.० पासून फ्लश() चा अर्थ "पाठवायचे बाइट जाऊन संपेपर्यंत थांब" असा आहे. येणाऱ्या बफरला तो हातही लावत नाही. पायसीरियलचा फ्लश() सुद्धा तसाच, जाणाऱ्या डेटासाठी थांबणारा. जुन्या लेखांमध्ये वेगळं लिहिलेलं सापडतं, कारण तेव्हा वागणूक वेगळी होती.

तात्पुरता उपाय: `इफ` च्या जागी `व्हाइल` घाला. जोवर अव्हेलेबल() शून्याहून जास्त, तोवर वाचत राहा आणि शेवटचा बाइट तेवढा पाळा. रांग दर फेरीला पूर्ण रिकामी होईल, उशीर एका फेरीपुरता, म्हणजे फार तर ९६ मिलिसेकंद उरेल. आज संध्याकाळी गाडी दाखवायची असेल तर एवढं करा.

पण मुळातली चूक वेगळी आहे. तुम्ही बटणाच्या *घटना* पाठवताय. घटना एक हरवली की गाडीची समजूत कायमची चुकते. त्याऐवजी *स्थिती* पाठवा: "या क्षणी डाव्या मोटरला इतका वेग, उजव्या मोटरला इतका". ठरावीक वेळाने, सेकंदाला ५० वेळा, बटण दाबलेलं असो वा नसो. एक पॅकेट हरवलं तर २० मिलिसेकंदांनी पुढचं येतंच. की-रिपीटचा प्रश्नही उरत नाही, कारण रिपीट किती येतात याच्याशी पाठवण्याचा संबंधच तुटतो.

चारचाकी

हे पटलं. पायनपुटवरच करू का? आणि पॅकेट कसं ठेवू?

सोल्डरगंध

पायनपुटवरही होईल: दाबलं की बटणाचं नाव एका सेटमध्ये टाकायचं, सोडलं की काढायचं. त्याच बटणाचा रिपीट आला तर सेटमध्ये ते आधीच आहे, काही बिघडत नाही. पाठवायचं काम मात्र कॉलबॅकमध्ये करू नका, वेगळ्या लूपमध्ये करा. कॉलबॅकमध्ये सीरियलचं लिहिणं अडकलं तर कीबोर्ड ऐकणारा थ्रेडच अडकतो.

तरी या कामाला मी पायगेम (पायथॉनची खेळ लिहायची लायब्ररी) सुचवेन. त्यात की-रिपीट मुळात बंद असतो, की.गेट_प्रेस्ड() एका झटक्यात सगळ्या बटणांची स्थिती देतो आणि क्लॉक.टिक(५०) ने लूपची चाल बांधता येते. टर्मिनलमधून गेटसीएच किंवा कर्सेस वापरून हे करायला जाऊ नका. टर्मिनलला बटण *सोडल्याचं* कळतच नाही, फक्त अक्षर आल्याचं कळतं.

पायगेममध्ये दोन गोष्टी सांभाळा. प्रत्येक फेरीत इव्हेंट.गेट() किंवा इव्हेंट.पंप() बोलवा, नाही तर गेट_प्रेस्ड() जुनीच स्थिती दाखवत राहील. आणि खिडकीवरचा फोकस गेला तर बटणांच्या बातम्या येणं बंद होतं, तेव्हा की.गेट_फोकस्ड() खोटं निघालं की सरळ थांबा पाठवा.

पॅकेट चार बाइटांचं ठेवा:

    बाइट १ : २५५ (सुरुवातीची खूण)
    बाइट २ : डावी मोटर, ० ते २००, १०० म्हणजे थांबा
    बाइट ३ : उजवी मोटर, तसंच
    बाइट ४ : (डावी + उजवी) भागिले २०१, उरलेली बाकी

किमती २०० च्या वर जातच नाहीत, त्यामुळे २५५ दिसला की ती सुरुवातच. मधलाच एखादा बाइट हरवला तर पुढच्या २५५ ला गाडी रुळावर येते. ९६०० बॉडला हे पॅकेट ४.२ मिलिसेकंद घेतं, ११५२०० ला ०.३५. इथे मात्र ११५२०० करा. त्याचं कारण वेग नाही, तुमचं ४८ अक्षरांचं छापणं आहे, त्याबद्दल खाली.

उनोच्या बाजूचा सांगाडा:

    लूप:
      जोवर सीरियल.अव्हेलेबल() > ०:
        ब = सीरियल.रीड()
        जर ब == २५५: जागा = ०
        नाही तर जर जागा < ३:
          साठा[जागा] = ब
          जागा = जागा + १
          जर जागा == ३ आणि बेरीज जुळते:
            हवीडावी = साठा[०], हवीउजवी = साठा[१]
            शेवटचंपॅकेट = मिलिस()
      जर मिलिस() - शेवटचंपॅकेट > २५०:
        हवीडावी = १००, हवीउजवी = १००
      मोटर_चालवा()
      सर्व्हो_पाऊल()
      अंतर_मोजा()
      एलसीडी_लिहा()

जागा सुरुवातीला ३ ठेवा, म्हणजे पहिला २५५ येईपर्यंत कचरा साठवला जाणार नाही. आणि ती २५० मिलिसेकंदांची ओळ कधीही गाळू नका. केबल निघाली, पायथॉन कोसळला, लॅपटॉप झोपला, काहीही झालं तरी पाव सेकंदात मोटर बंद. चाकं असलेल्या कुठल्याही यंत्राला ही ओळ हवीच.

बाइट_मोजणारा

आता त्या ९६ मिलिसेकंदांची चिरफाड करू. कारण पॅकेट कितीही चांगलं असलं तरी लूप अडून बसला तर गाडी अडूनच बसणार. वरचं पॅकेट सेकंदाला २०० बाइट आणतं, ९६ मिलिसेकंदांत १९ बाइट. बफरला ते झेपतं, पण प्रतिसादाला नाही.

डिले(१५) सरळ काढा. सर्व्होच्या पावलासाठी मिलिस() ची नोंद ठेवा, १५ मिलिसेकंद उलटले असतील तरच कोन बदला, नसतील तर पुढे चला. सर्व्होला स्पंद दर २० मिलिसेकंदांनीच जातो, त्यामुळे २० केलं तरी काही फरक पडणार नाही.

पल्सइन. मोकळ्या जागेत प्रतिध्वनी येत नाही, तेव्हा एचसी-एसआर०४ इको पिन साधारण ३८ मिलिसेकंद वर धरून ठेवतो आणि पल्सइन तितका वेळ बसून राहतो. हात धरल्यावर फेरी ५८ वर आली ती त्यामुळेच. सेन्सरची तार सुटली तर आणखी वाईट, कारण पल्सइनचा ठरलेला टाइमआउट पूर्ण एक सेकंद आहे. तिसरा आर्ग्युमेंट द्या. आवाजाला जाऊन-येऊन प्रत्येक सेंटिमीटरला ५८ मायक्रोसेकंद लागतात, २ मीटरला ११६००. मोड्यूलला इको वर न्यायला थोडा वेळ लागतो तो धरून १३००० द्या. आणि दर फेरीला नको, दर ६० मिलिसेकंदांनी एकदाच मोजा, नाही तर आधीच्या फेरीचा इको खाली यायच्या आत नवा ट्रिगर जाईल. खरं तर इको पिन २ वर घेऊन इंटरप्टमध्ये चढत्या आणि उतरत्या कडेला मायक्रोस() नोंदवलं तर लूप एक क्षणही थांबत नाही. वेळ असेल तर तेच करा.

एलसीडी. आयटूसी बॅकपॅक १०० किलोहर्ट्झवर चालतो, आणि लायब्ररी एक अक्षर दोन अर्ध्या तुकड्यांत पाठवते, प्रत्येक तुकड्यासाठी तीनदा बसवर लिहिते. एका अक्षराला साधारण सव्वा मिलिसेकंद. ३२ अक्षरं, म्हणजे ४० मिलिसेकंद. सगळ्यात मोठा चोर हाच आहे आणि याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. उपाय: दर फेरीला एकच अक्षर लिहा, पुढच्या फेरीला पुढचं. किंवा आकडा बदलला असेल तरच, तेवढेच तीन अंक लिहा. क्लिअर() वापरू नका, जुन्यावरच लिहा. वायर.सेटक्लॉक(४०००००) ने बरेच बॅकपॅक चालतात, पण ती चिप १०० किलोहर्ट्झसाठीच सांगितलेली आहे, म्हणून त्यावर विसंबू नका.

आता छापणं. ४८ बाइटांना ९६०० वर ५० मिलिसेकंद लागतात. सध्या फेरी ९६ ची आहे, म्हणून ट्रान्समिट बफर पार्श्वभूमीत रिकामा होतो आणि तुम्हाला ते जाणवत नाही. पण वरचं सगळं दुरुस्त करून फेरी एक-दोन मिलिसेकंदांवर आली की हेच छापणं गळा धरेल: ६४ बाइटांचा बफर भरेल आणि प्रिंट() जागा होईपर्यंत लूप अडवेल. म्हणून ११५२०० (तिथे ४८ बाइट ४.२ मिलिसेकंद) आणि छापणं १०० मिलिसेकंदांतून एकदाच.

चारचाकी

बाप रे, एलसीडीवर शंका कधीच गेली नसती. सगळं बदलतो.

एक प्रश्न: पायथॉनच्या खिडकीत अंतर दाखवतो, तो आकडाही जुना असतो. हात काढून घेतल्यावर कितीतरी वेळ १२ सेंटिमीटरच दिसत राहतं. ते याच कारणाने?

सोल्डरगंध

तीच रांग, उलट दिशेची. तुम्ही बहुधा प्रत्येक फ्रेमला एकदा रीडलाइन() करता. उनो त्याहून जास्त वेगाने ओळी पाठवत असेल तर उरलेल्या ओळी ऑपरेटिंग सिस्टिमच्या बफरमध्ये साठतात. तो हजारो बाइटांचा असतो, म्हणजे तुम्ही नेहमी काही सेकंदांपूर्वीची ओळ वाचता. इन_वेटिंग जितके बाइट सांगेल तितके एकदम वाचा, नव्या ओळीवर तोडा, शेवटची *पूर्ण* ओळ दाखवा, अर्धवट तुकडा पुढच्या वेळेसाठी राखून ठेवा. पोर्ट उघडताना टाइमआउट शून्य द्या. टाइमआउट १ दिलात आणि ओळ अर्धीच आली असेल तर रीडलाइन() सेकंदभर थांबेल आणि तेवढा वेळ एकही पॅकेट जाणार नाही.

पोर्ट कार्यक्रमाच्या सुरुवातीला एकदाच उघडता ना? उघडताना डीटीआर (पोर्टचा एक नियंत्रण सिग्नल) हलतो आणि उनो रीसेट होतो, बूटलोडर (स्केचच्या आधी चालणारा छोटा कोड) उरकून स्केच सुरू व्हायला दीड-दोन सेकंद जातात. दर आदेशाला पोर्ट उघडून बंद करणारे कार्यक्रम पाहिलेत, त्यात प्रत्येक बटणाला दोन सेकंद लागतात आणि दोष मात्र मोटरला दिला जातो.

हवेतून

याच धाग्यात विचारतो, विषय जवळचाच आहे. माझ्याकडे हेच ईएसपी३२ (वाय-फाय असलेला बोर्ड) वर, वाय-फायने, टीसीपी सॉकेटवरून. सरासरी ठीक, पण मधूनच गाडी अडते आणि मग तीन-चार आदेश एकदम येतात.

बाइट_मोजणारा

एकदम येतात म्हणजे कोणीतरी गठ्ठा बांधतंय. दोन ठिकाणी बघा.

एक, टीसीपीतला नेगलचा अल्गोरिदम. आधीच्या छोट्या पॅकेटची पोच आली नसेल तर पुढची छोटी पॅकेटं तो धरून ठेवतो. समोरचा पोच द्यायला उशीर करत असेल तर दोघे मिळून बराच वेळ खातात. पायथॉनच्या सॉकेटवर टीसीपी_नोडिले चालू करा. त्याहून चांगलं म्हणजे यूडीपी (पोच न मागता पॅकेट पाठवणारी पद्धत) वापरा. स्थिती सेकंदाला ५० वेळा जात असेल तर हरवलेलं पॅकेट परत मागण्यात काही अर्थ नाही, ते पोचेपर्यंत शिळं झालेलं असतं. पॅकेटमध्ये एक क्रमांक घाला आणि मागचा क्रमांक आला तर टाकून द्या.

दोन, ईएसपी३२ ची वाय-फाय झोप. स्टेशन मोडमध्ये ती मुळात चालू असते. चिप झोपते, राउटर तिची पॅकेटं बीकनपर्यंत (राउटरच्या ठरावीक वेळाने येणाऱ्या हाकेपर्यंत) धरून ठेवतो, आणि बीकन साधारण १०० मिलिसेकंदांनी एकदा येतो. वायफाय.सेटस्लीप(फॉल्स) करा. बॅटरी थोडी जास्त जाईल, मोटरच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

हवेतून

झोप बंद केली आणि यूडीपीवर आलो. अडणं गेलं. आभार.

चारचाकी

अहवाल देतो. लूपची फेरी आता बहुतेक वेळा अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत, अंतर मोजण्याच्या फेरीला जास्तीत जास्त १३-१४. गाडी हाताला चिकटल्यासारखी चालते. बटण सोडलं की थांबते, केबल काढली तरी थांबते.

दोन गोष्टी उरल्यात. पहिली: पूर्ण वेगात पुढे जाताना एकदम मागे घेतलं की कधी कधी गाडी दोन सेकंद मेल्यासारखी उभी राहते, मग आपोआप चालू होते. पायथॉनमध्ये कुठलीही चूक दिसत नाही. दुसरी: डावी मोटर हळू चालतच नाही, एक तर पूर्ण वेग नाही तर बंद.

तारतम्य

पहिली गोष्ट लॅग नाहीच, उनो रीसेट होतोय. दोन सेकंद हा रीसेटनंतर पुन्हा सुरू होण्याचा वेळ असावा. सेटअप() मध्ये एक शब्द छापा, गाडी उभी राहिल्यावर तो शब्द पुन्हा दिसला की खात्री झाली. यूएसबीची सीएच३४० वेगळी चिप आहे, ती जागीच असते, पोर्ट तुटत नाही, म्हणून पायथॉनला काही कळत नाही.

कारण विजेचं. फिरत्या मोटरला उलटा व्होल्टेज दिला की तिचा बॅक ईएमएफ (फिरताना ती स्वतः तयार करते तो व्होल्टेज) पुरवठ्यात *मिळवला* जातो आणि क्षणभर प्रवाह अडकलेल्या मोटरच्या प्रवाहाच्या जवळपास दुप्पट होतो. चार मोटर एकदम, वर सर्व्हो, तोही यूएसबीच्या ५०० मिलिअँपिअरमधून घेत असाल आणि तीन मीटरच्या केबलमध्ये आणखी पडझड, मग ५ व्होल्ट कोसळणारच.

कोडमध्ये उतार घाला. मोटरची किंमत दर २० मिलिसेकंदांनी जास्तीत जास्त १० नेच बदलू द्या. पूर्ण पुढून पूर्ण मागे यायला ४०० मिलिसेकंद लागतील, शून्यावर यायला २००. थांबा मात्र या उतारातून वगळा, तो लगेच लागू व्हायला हवा.

तारांमध्ये: मोटरला स्वतंत्र बॅटरी, सर्व्होला वेगळा ५ व्होल्टचा रेग्युलेटर, सगळ्यांचं ग्राउंड एकत्र. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर अगदी जवळ १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाका, आणि सर्व्होच्या पुरवठ्यावर ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, पट्टीची उणे बाजू नीट बघून. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हे सहज मिळतं. एल२९८एन स्वतःच दोन व्होल्टच्या आसपास गिळतो, म्हणून मोटरची बॅटरी त्या हिशेबाने निवडा.

दुसरी गोष्ट: डाव्या मोटरचा इनेबल (ड्रायव्हरची वेग ठरवणारी पिन) उनोच्या ९ किंवा १० वर आहे का?

चारचाकी

डावा १० वर, उजवा ५ वर.

तारतम्य

मग तेच. सर्व्हो लायब्ररी उनोवर टायमर १ घेते आणि ९ व १० या पिनांवरचं पीडब्ल्यूएम (वेग कमी-जास्त करणारे स्पंद) जातं, सर्व्हो कुठल्याही पिनवर असला तरी. डावा इनेबल ६ वर न्या. ५ आणि ६ दोन्ही टायमर ० वर, सुमारे ९८० हर्ट्झ, म्हणजे दोन्ही मोटर सारख्या वागतील.

पहिलापिन

माझ्याकडे यूएसबीसाठी एफटीडीआयची एफटी२३२ चिप असलेला बोर्ड आहे. त्यात १६ मिलिसेकंदांचा लॅग असतो असं वाचलं, तो काढता येतो का?

बाइट_मोजणारा

येतो, पण तो कुठल्या दिशेला आहे ते आधी लक्षात घ्या. एफटीडीआयची चिप बोर्डाकडून आलेले बाइट ६२ जमेपर्यंत किंवा लेटन्सी टायमर संपेपर्यंत धरून ठेवते, आणि तो टायमर मुळात १६ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे बोर्डाकडून लॅपटॉपकडे येणारा छोटा निरोप उशिरा येतो. लॅपटॉपकडून बोर्डाकडे जाणाऱ्या आदेशाला याची झळ नाही. नुसती गाडी चालवायची असेल तर सोडून द्या. पण सेन्सर वाचून लॅपटॉपवर हिशेब करून परत आदेश पाठवत असाल, तर प्रत्येक फेरीला हे १६ मोजावे लागतात. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, पोर्टचे गुणधर्म, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, तिथे लेटन्सी टायमर १ करा. लिनक्सवर सेटसीरियलचा लो_लेटन्सी पर्याय हेच करतो. सीएच३४० ला ही सोय नाही.

मोजायचं असेल तर: पायथॉनमधून एक बाइट पाठवा, बोर्डाने तोच परत पाठवावा, दोन्ही क्षण टाइम.पर्फ_काउंटर() ने नोंदवा, हजार वेळा करा. सरासरीवर समाधान मानू नका, सगळ्यात मोठे दहा आकडे बघा. हाताला अडल्यासारखं जाणवतं ते त्या दहांमुळे. विंडोजवर टाइम.स्लीप() ने चाल बांधलेली असेल तर पायथॉन ३.११ च्या आधीच्या आवृत्त्यांत स्लीप(०.००१) सुद्धा १५ मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतो, तो आकडा सीरियलच्या माथी मारू नका.

बटणापासून चाकापर्यंतचा पूर्ण उशीर हवा असेल तर मोबाइलचा २४० फ्रेमचा स्लो-मोशन पुरतो. बोट आणि चाक एकाच चौकटीत धरा आणि फ्रेम मोजा, एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद.

चारचाकी

इनेबल ६ वर नेला, उतार घातला, कपॅसिटर लावले. रीसेट थांबला, डावी मोटर आता हळूही चालते. स्लो-मोशनमध्ये बोट खाली टेकल्यापासून चाक हलेपर्यंत १२ ते १७ फ्रेम येतात.

बाइट_मोजणारा

५० ते ७० मिलिसेकंद. कीबोर्ड तपासणीचे ८, पायगेमच्या फेरीचे २० पर्यंत, पॅकेटचा पाऊण मिलिसेकंदसुद्धा नाही, बाकी उताराचे आणि गिअरमधल्या ढिलेपणाचे. उताराची पहिली पायरी १० ऐवजी एकदम ३५ ची ठेवा. त्याखाली पिवळ्या मोटर नुसत्या गुणगुणतात, फिरत नाहीत, तो वेळ वाया जातोय.

चारचाकी

ते केलं, ९ ते १३ फ्रेमवर आलं.

शेवटचं एक: पुढे आणि उजवीकडे धरून स्पेस दाबला (स्पेसला जास्त वेग ठेवलाय) तर स्पेस लागतच नाही. पुढे आणि डावीकडे धरून मात्र लागतो. पायगेममध्ये छापून बघितलं, स्पेस येतच नाही.

सोल्डरगंध

कोड बरोबर आहे, कीबोर्डच्या आतली जाळी तशी आहे. स्वस्त कीबोर्डमध्ये बटणं आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीवर असतात आणि डायोड नसतात. ठरावीक तीन बटणं एकत्र आली की चौथं खोटं बटण दिसण्याची शक्यता असते, म्हणून कंट्रोलर तिसरं दाबणं गाळून टाकतो. कुठली तिकडी अडेल हे प्रत्येक कीबोर्डवर वेगळं. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांच्या ओळी सहसा वेगळ्या काढलेल्या असतात. जास्त वेग डाव्या शिफ्टवर न्या. विंडोजचं स्टिकी कीज मात्र बंद करा, शिफ्ट पाच वेळा दाबलं की ते खिडकी उघडतं, फोकस जातो आणि गाडी थांबते.

चारचाकी

शिफ्टवर नेलं, चारही दिशांना चालतंय. स्टिकी कीज बंद केलं. स्केच आणि पायथॉनची फाइल पहिल्या पोस्टला जोडून ठेवतो. त्यात २५० मिलिसेकंदांची ओळ ठळक खूण करून ठेवली आहे, उतरवून घेणाऱ्यांनी ती काढू नये.